चाचांचं मारसेल

"हिला अजून मारसेल दाखवलेलं दिसत नाय," माझ्यामागे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं आणि दुसरं कुणीतरी खुसकन हसलं.

मी देऱ्याच्या धक्क्यावर उभी होते. मुंबईच्या बोटीनं आम्हाला भर समुद्रात लाँचमध्ये उतरवलं होतं, लाँचनं दुबईच्या खाडीत आणून सोडलं होतं, आणि अब्बा माझ्या ट्रंकेवरून हमालाशी हिंदीत हुज्जत घालत होते. इथे पाऊल ठेवून मला अर्धा तासही झाला नव्हता, त्यामुळे काय दाखवायचं राहिलं आहे हे मला कळलं नाही. मी मागे वळून विचारलंही नाही. मी सहसा विचारत नाही.

आमचे चाचा दुबईत राहत होते, असं म्हणणं हा केवळ त्यांच्या कागदपत्रांचा गैरसमज होता. ते राहत मारसेलला. दुबई त्यांना मारसेल समजावून द्यायला सोयीची पडे, म्हणून ते तिचा वापर करीत, एवढंच. मराठीत आपण ज्याला मार्सेलिस म्हणतो आणि आमच्या कॉन्व्हेंटमधल्या फ्रेंचच्या सिस्टर नाक वर करून ज्याला मार्सेय म्हणायला लावत, ते फ्रान्सचं जुनं बंदर चाचांच्या तोंडी मारसेल होतं, आणि ते नाव ते असं घेत की बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडचंच गाव. तरुणपणी ते विलायतेला जाणाऱ्या बोटींवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करीत, आणि प्रत्येक फेरीत बोट मारसेलला थांबे. जगातली इतर बंदरंही त्यांनी पाहिली होती, पण त्यांच्याबद्दल विचारलं तर ते एकेका वाक्यात निकाल लावत. एडन? "गरम." लंडन? "धूर." मग ते खुर्ची पुढे ओढून घेत आणि म्हणत, "आता मारसेल म्हणशील तर..." समोरच्यानं तसं काही म्हटलेलं नसे.

नात्यानं ते माझे कुणीच नव्हते. आमच्या घराखाली किराणा दुकान चालवणाऱ्या इस्माईलचे ते सख्खे चुलते. बायको गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून इस्माईलनं त्यांना गावाहून आणून दुकानामागच्या खोलीत ठेवलं होतं. इस्माईलला वाटलं होतं की म्हातारा माणूस गल्ल्यावर बसेल. म्हातारा माणूस गल्ल्यावर बसला आणि त्यानं गिऱ्हाइकांना मारसेल सांगायला सुरुवात केली.

रत्नागिरी-कुलाब्याकडचा कुणीही नवा माणूस दुबईला आला की पहिल्या आठवड्यात त्याची चाचांशी गाठ अटळ होती. त्याची एक ठरलेली रीत होती. दुपार कलताना असरची नमाज झाली की चाचा पाहुण्याला घेऊन धक्क्यावर जात. तिथे देऱ्याहून पलीकडे बर-दुबईला माणसं नेणाऱ्या आब्रा म्हणजे उघड्या होड्या उभ्या असत, पण चाचा एकाच बलुची नावाड्याच्या आब्रेत बसत. पाहुण्याला समुद्राकडे तोंड करून असलेल्या फळीवर बसवत. दुसऱ्या बाजूला बसलं तर मारसेल दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. होडी सुटली की ते सुरू होत. "बोट लागते ती जोलियेतच्या नव्या धक्क्याला. पण ते काय खरं मारसेल नाय. तिथून चालत यायचं, या जुन्या बंदरात. आता डावीकडं बघ." डावीकडे बर-दुबईची वारा खेचणाऱ्या बुरुजांची मातकट घरं असत. "तिथं डोंगर. डोंगरावर गिरजाघर. अन् त्याच्या टोकावर बीबी मरियम, पोराला कडेवर घेऊन, सगळी सोन्यानं मढवलेली. सूर्य मावळायला लागला की अशी चमकते, की हिंदू असो, मुसलमान असो, किरिस्ताव असो, डेकवरचा प्रत्येक माणूस गप होतो." मग उजवीकडे, म्हणजे आमच्या देऱ्याकडे, जुनी वस्ती. इतक्या अरुंद गल्ल्या की समोरासमोरच्या बायका खिडकीतून एकमेकींना मीठ देतात, आणि वर दोऱ्यांवर धुणी, नुसती धुणी, "आभाळ बघायचं तर कुणाचा तरी लेंगा बाजूला करावा लागतो." धक्क्यावर कोळणी. "आपल्या कोळणींसारख्याच. भाव कमी सांगितलास तर बापजाद्यांपासून उद्धार."

आणि होडी खाडीच्या मधोमध आली की नावाडी आपोआप वल्ही उचलून धरी. त्याला मराठी येत नव्हतं, पण परिचय पाठ होता. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत राही. चाचा समुद्राच्या दिशेनं हात उंच करीत आणि खालच्या आवाजात म्हणत, "आता वर बघ. पूल."

हा पूल म्हणजे चाचांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट होती आणि यावरच कुणाचा विश्वास नव्हता. बंदराच्या तोंडाशी दोन काठांवर दोन लोखंडी मनोरे. मनोऱ्यांच्या माथ्यावर, बोटींच्या डोलकाठ्याही लागणार नाहीत इतक्या उंचावर, एक आडवी तुळई. आणि त्या तुळईला पाळण्यासारखा टांगलेला रस्त्याचा एक तुकडा. त्या तुकड्यावर माणसं, घोडे, गाड्या चढायच्या आणि तो तुकडा लटकत लटकत या काठावरून त्या काठावर जायचा. "रस्ताच चालतो, गो. माणसानं नुसतं उभं राहायचं." एवढं सांगून ते बराच वेळ वर बघत राहत. मग नावाड्याला म्हणत, "खलास," आणि वल्ही पाण्यात पडत. पलीकडे कुणी उतरत नसे. मारसेल पाहून झाल्यावर बर-दुबईत उतरण्यासारखं काय होतं?

या परिचयाचे परिणाम दूरवर पोहोचत. म्हसळ्याचा एक टेलर पहिल्याच फेरीत इतका भारावला की त्यानं घरी सोन्याच्या मरियमबद्दल सविस्तर लिहून कळवलं. बायकोचं उत्तर आलं, की तुम्ही दुबईचं सांगून फ्रान्सला कधी गेलात आणि सोबत कोण आहे. पुण्याच्या एका अकाउंटंटना मार्सेलिस म्हणजे फक्त ती एक प्रसिद्ध उडी माहीत होती, जी प्रत्येक मराठी मुलाला शाळेत माहीत होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "ती जागा नेमकी कुठली हो?" चाचांनी उडीबद्दल काही ऐकलेलं नव्हतं, पण पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तत्काळ मासळीबाजाराजवळची एक पायरी दाखवली. अकाउंटंट त्या पायरीपुढून जाताना चप्पल काढत. पुढे दुबईत खाडीवर खराखुरा पूल झाला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं. चाचाही गेले, कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ वाट बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हा तर जागचा हलत नाय."

दर शुक्रवारी ते इस्माईलसाठी मारसेलचं माशांचं कालवण करीत. ते खोबऱ्याशिवाय, आमसुलाशिवाय आणि जवळजवळ तिखटाशिवाय असे. अब्बांनी एकदा चाखून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "हे आपलंच कालवण आहे. फक्त त्यातून चव काढून घेतलीय." चाचांना मात्र भरून येई. "तिकडच्या बायका बिचाऱ्या खोबरं कुठून आणणार? तरी करतात."

पण एक अडचण होती. परिचय एकदाच होतो. ज्यानं मारसेल बघितलं तो माणूस चाचांच्या कामातून गेला. दुसऱ्यांदा कुणी आब्रेत बसायला तयार नसे. दुकानासमोरून जाताना लोक घाईत असल्यासारखे चालत, नमस्कार-सलाम दुरूनच करीत. नवी बोट येईपर्यंत चाचा पोत्यांच्या मध्ये खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत, आणि त्या काळात दोन बोटींमधले दिवस फार लांब असत.

माझेही लांब असत. अम्मी धाकट्या भावांच्या शाळेसाठी मुंबईत राहिली होती, आणि अब्बांच्या पोटाच्या दुखण्यामुळे त्यांच्या जेवणाखाण्याचं बघायला मला पाठवलं होतं. अब्बा सकाळी शिपिंग एजंटच्या ऑफिसात जात. गाढवावरून पाण्याचे डबे आणणारा माणूस येऊन गेला की दुपारपर्यंत दारावर कुणी येत नसे. मी भात टाकी, खिडकीच्या लाकडी जाळीतून खाडी बघे, शाळेची जुनी पुस्तकं परत वाची. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, पण त्या काही विचारत आणि मी मनातल्या मनात उत्तर जुळवेपर्यंत त्यांचा विषय बदललेला असे. टेलरची बायको पुढे आली तेव्हा तिनं अब्बांना बाजूला घेऊन फार हळुवारपणे विचारलं होतं, "पोरीला बोलता येत नाय का?"

चाचांनी ते कधीच विचारलं नाही. त्यांना बोलणारं माणूस नकोच होतं. मला मारसेल दाखवून झाल्यावर आठवड्यानं ते दारात येऊन खाकरले. "बाय, परत बघायचं काय?" मी चप्पल घातली. तेव्हापासून बोट आलेली नसली की त्या फळीवर मी बसू लागले. अब्बांना त्यात वावगं वाटलं नाही. आब्रेत मला काही बोलावं लागत नसे, आणि तरी मी एकटी नसे. असं ठिकाण मला दुबईत दुसरं सापडलं नव्हतं. मी शाळेत फ्रेंच शिकले आहे हे कळल्यावर चाचांनी माझी परीक्षा घेतली. "मासा?" मी सांगितलं. "बरोबर. अन् हा मासा शिळा हाय, असं कसं सांगशील?" मला येत होतं, पण कोळणीला असं तोंडावर सांगायचं मला मराठीतही जमलं नसतं. "शिकशील," ते म्हणाले. "मारसेलला लाजून चालत नाय."

एकदा दुपारी मी जिन्यात पाण्याचा डबा उचलत होते, तेव्हा खाली दुकानात इस्माईल टेलरला सांगत होता, "पुढच्या बोटीनं चाचाला गावाला पाठवतो. साखर घ्यायला माणूस येतो आणि साखर न घेता पळतो. दुकान चालवू का मारसेल?" टेलर म्हणाला, "अरे, पण गावात त्यांचं हाय कोण?" इस्माईलनं साखरेच्या पोत्याचं तोंड बांधलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला दुकान चालवायचं होतं.

चाचांना त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी आब्रेत ते हात मांडीवर ठेवून बसले होते. बीबी मरियम आली आणि गेली, तरी त्यांनी हात वर केला नाही. मग म्हणाले, "गावाला जाऊन काय करू, बाय? तिकडं सगळ्यांनी ऐकलंय."

त्याच सुमारास अब्बांच्या ऑफिसात एक फ्रेंच इंजिनियर आला. अबुधाबीकडे समुद्रात तेलाचं काम चाललं होतं, तिकडे जाणाऱ्या बोटीची तो वाट बघत होता. अब्बांनी त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं. ही बातमी दुकानात पोहोचली आणि इस्माईलनं मांडीवर थाप मारली. "झालं! त्यालाच विचारू. लटकता पूल हाय म्हणाला तर चाचा, तुम्ही इथंच राहा, अल्लाकसम मी तोंड उघडणार नाय. नाय म्हणाला तर पुढची बोट. कबूल?" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. "कबूल," ते म्हणाले. मग सगळ्यांनी वर आमच्या खिडकीकडे बघितलं, कारण अब्बांना इंग्रजी येत होतं, पण त्या फ्रेंच माणसाला धड येत नव्हतं. विचारणार कोण, हे न बोलताच ठरलं.

शुक्रवारी इस्माईल आणि टेलर वेळेआधीच आले, आणि चाचा बोटीवरचा जुना कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून आले. उकाड्यानं भिंती घामेजल्या होत्या. इंजिनियर तरुण होता, उन्हानं सोललेला, आणि बिर्याणी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चाचांनी दारातूनच खणखणीत "बोंजूर" म्हटलं, आणि मग त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. मारसेलच्या मुलखाचा एक माणूस समोर बसला होता आणि चाचांकडे त्याच्यासाठी एक शब्द उरला नव्हता. ते जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या कोपऱ्यात बसले.

"विचार गो," इस्माईल म्हणाला. "यल्ला, चल, पुलाचं विचार."

मी पडद्याजवळ पाण्याचा जग घेऊन उभी होते. सिस्टरच्या वर्गात कविता म्हणताना निघायचा तसा बारीक आवाज निघाला. पण वाक्य पुरं झालं. इंजिनियरनं आश्चर्यानं वर बघितलं, विचार केला, आणि मान हलवली. मी तिथूनच जहाजात बसलो, मादमॉझेल, असा पूल तिथे नाही.

त्याच्या मानेचं भाषांतर करायची गरज नव्हती. "खलास," इस्माईल म्हणाला, आणि त्याचाच चेहरा उतरला. टेलर भातात बोटं फिरवत राहिला. चाचांनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं.

मला कुणी आणखी काही विचारायला सांगितलं नव्हतं. तरी मी विचारलं. "युद्धाच्या आधी? तेव्हा होता का?"

त्याचा हात थांबला. मग त्यानं घास खाली ठेवला. हो, त्याच्या वडिलांनी दाखवला होता, तो खूप लहान असताना. त्यानं हवेत दोन बोटं उभी केली, वर आडवं बोट धरलं, आणि त्याखाली मूठ हळूहळू सरकवत नेली. मग मूठ मांडीवर ठेवून तो ताटाकडे बघत बोलला. माघार घेताना जर्मनांनी तो उडवला, मादमॉझेल. त्याआधी काठावरची जुनी वस्तीही. माणसं बाहेर काढली आणि घरामागून घर सुरुंगानं पाडलं. आता तिथे सगळं नवीन आहे.

"काय म्हणाला?" इस्माईलनं विचारलं.

"पूल होता म्हणतात," मी म्हणाले. "चाचा सांगतात तस्साच. लटकता."

इस्माईलनं डेगेतून मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा काढला आणि चाचांच्या ताटात ठेवला. "खा," तो म्हणाला. "कोट काढा अन् खा."

चाचांनी तुकड्याकडे बघितलंही नाही. ते माझ्याकडे वळले होते. "अन् जुनी वस्ती? ती धुणी? विचार, बाय."

जग भरलेला होता. तरी मी पाणी आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर ते दारात येऊन खाकरले. आब्रेत डावीकडे त्यांनी मरियम दाखवली, उजवीकडे वस्ती दाखवली, लेंगा दाखवला. मधोमध वल्ही वर गेली. ते म्हणाले, "काल पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी." मी पाण्याकडे बघत राहिले. "उडवला, हेच ना? अन् वस्ती पण. ठाऊक हाय मला. युद्ध संपल्यावर लिव्हरपूलला एका खलाशानं सांगितलं. तो रडत होता, मी त्याला चहा करून दिला."

मग हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं नाही. पण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची चाचांना आयुष्यभराची सवय होती.

"ज्यानं पूल बघितलाच नाय, त्याला पूल गेला म्हणून काय सांगायचं?" ते म्हणाले. "आधी दाखवायला नको?" आणि नावाड्याला म्हणाले, "खलास."

त्यानंतर चाचा दीड-दोन वर्षं राहिले. इस्माईलनं शब्द पाळला. गिऱ्हाईक पळालं तर तो पळणाऱ्याकडे रागानं बघे. मग चाचांच्या डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं. पायरी चुकली, साखरेऐवजी मीठ गेलं. इस्माईल त्यांना मुंबईला डॉक्टरकडे घेऊन गेला. लाँचमध्ये चढताना त्यांनी हात धरणाऱ्या खलाशाला विचारलेलं मी ऐकलं, "मारसेलला गेलायस कधी?"

इस्माईल परतला तो एकटा नव्हता, पण बरोबर चाचाही नव्हते. गावाला जाऊन त्यानं लग्न केलं होतं. डोळे वाचले नाहीत, असं त्यानं जिन्यात उभं राहून सांगितलं. चाचा आता गावातच दूरच्या नात्यातल्या एका बहिणीकडे आहेत. "बाकी बरे आहेत. पण कधी नव्हे ते गप्प असतात. ओसरीवर बसवलं की बसतात, उठवलं की उठतात." मग मान खाली घालून म्हणाला, "ही नवी आहे. मागच्या खोलीत रडत बसलीय. जरा खाडीवर नेऊन आणशील? मी दुकान सोडून..."

ती माझ्याहूनही लहान दिसत होती. बुरख्यातून तिची मेंदी भरलेली बोटं तेवढी दिसत होती, आणि ती बोटं रुमाल पिळत होती. तिनं मला काही विचारलं नाही, मी तिला काही सांगितलं नाही. बलुची नावाड्यानं मला ओळखलं आणि समुद्राकडच्या फळीवरचं पाणी पुसलं. आम्ही बसलो. डावीकडे बुरुज गेले, उजवीकडे देरा गेला. पलीकडच्या फळीवर दोन इराणी व्यापारी कापडाचे तागे मांडीवर घेऊन बसले होते.

खाडीच्या मधोमध नावाड्यानं वल्ही उचलली.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समुद्राकडे बघत होता. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. एक व्यापारी कुरकुरला, "यल्ला, यल्ला," पण नावाडी हलला नाही. मारसेल झाल्याशिवाय ही होडी पुढे जात नसते, एवढंच त्याला माहीत होतं. माझ्या शेजारी रुमाल पिळणं थांबलं. तिनं बुरखा थोडा वर केला आणि काय झालं म्हणून माझ्या तोंडाकडे बघू लागली.

मी हात वर केला.

"घाबरू नको," मी म्हणाले. "आता वर बघ. तिथे पूल आहे."